खानदेशातील ग्रंथसंग्रहाची झडती

विद्यापीठाच्या ग्रंथालयात संग्रहाचे मूल्यमापन आणि संशोधनाच्या प्रभावाची मोजदाद ही दोन्ही कामे ज्या ग्रंथपालाकडे सोपविली जातात, त्याच्या टेबलावर पहिल्याच आठवड्यात ‘नॅक’चे तक्ते, राष्ट्रीय मानांकनाची प्रपत्रे आणि वरिष्ठ कचेरीतून आलेले, ‘तातडीचे’ असा तांबडा शेरा मिरविणारे पत्र अशी त्रिविध सामग्री येऊन पडते. आणि ती सामग्री केवळ आकडेच मागत असल्यामुळे, आकडे गोळा करणे हेच आपले काम असा त्या बिचाऱ्याचा ग्रह झाला तर त्याला दोष देता येत नाही. तथापि ग्रंथ किती आहेत, त्यांतील किती वाचले गेले, लेख किती छापून आले आणि त्यांचे उल्लेख कितींनी केले, या चार प्रश्नांची उत्तरे कितीही काटेकोर दिली, तरी हा संग्रह कोणासाठी जमविला आणि हे संशोधन कोणाच्या उपयोगी पडले हा पाचवा प्रश्न शिल्लकच राहतो. जळगाव-धुळ्यासारख्या मुलखात, जेथील विद्या बरीचशी मराठीत व अहिराणीत, खाजगी दप्तरांत आणि लहान संस्थांच्या कपाटांत वास करून आहे, तेथे तर हा पाचवा प्रश्न अगोदर विचारल्यावाचून पहिल्या चारांची उत्तरे भरवशाची ठरत नाहीत. पुढील विवेचन या कामावर नव्याने नेमल्या गेलेल्या प्रमुखास उद्देशून आहे. महाविद्यालयीन ग्रंथपालांनाही त्यातील बराचसा भाग लागू पडावा.

प्रारंभ प्रदेशाच्या हकिकतीपासून करावा. जुना खानदेश जिल्हा १९०६ साली पूर्व व पश्चिम असा विभागला गेला. पूर्व खानदेशाचा पुढे जळगाव जिल्हा झाला, पश्चिमेचा धुळे, आणि १ जुलै १९९८ पासून धुळ्यातून नंदुरबार हा तिसरा जिल्हा निघाला. या मुलखाचे स्वतःचे विद्यापीठ उभे राहिले ते १५ ऑगस्ट १९९० रोजी, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ या नावाने. त्यापूर्वी चार दशके येथील महाविद्यालये पुणे विद्यापीठाच्या, आणि त्याहीपूर्वी मुंबई विद्यापीठाच्या अंमलाखाली होती. म्हणून १९९० पूर्वी जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात किंवा अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या एखाद्या विद्वानाने खानदेशावर प्रबंध लिहिला असेल, तर त्याचा शोध जळगावच्या मांडणीवर न घेता प्रथम पुण्याच्या जयकर ग्रंथालयात घ्यावा लागतो. विद्यापीठाचे वय आणि प्रदेशाच्या विद्येचे वय यांत येथे फार मोठे अंतर आहे, आणि दाखल नोंदवही उघडून बसणाऱ्याला ते अंतर कधीच दिसत नाही. कारण जे आले नाही त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नसते.

हे अंतर किती आहे ते पाहावयाचे तर धुळ्यास जावे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निवर्तले आणि त्यांनी आयुष्यभर वणवण करून जमविलेल्या कागदपत्रांच्या जतनासाठी १९२७ साली तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगावच्या मठांतून गोळा केलेली रामदासी संप्रदायाची बाडे समर्थ वाग्देवता मंदिरात नांदत आहेत. आणि इकडे अमळनेरास श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर उभे आहे. विद्यापीठाच्या जन्मापूर्वी साठसाठ, सत्तरसत्तर वर्षे या संस्था ग्रंथ जमवीत होत्या. तेव्हा खानदेशाच्या इतिहासाचे आपल्याकडे ग्रंथ किती, या प्रश्नाचे उत्तर आपल्या इमारतीच्या चार भिंतींत शोधणारा मूल्यमापक आरंभीच चुकतो. पहिले काम म्हणून एका मोठ्या कागदावर या सर्व संस्था, दोन्ही शहरांतील जुनी वाचनालये आणि महाविद्यालयांची ग्रंथालये यांची नावे मांडावी, प्रत्येकीकडे कोणत्या विषयाचा भरणा आहे ते प्रत्यक्ष जाऊन टिपावे, आणि मगच आपल्या संग्रहाने कोणती जागा भरावयाची ते ठरवावे. पत्रव्यवहाराने हे होत नाही. लहान संस्थेचा चिटणीस विद्यापीठाच्या छापील प्रश्नावलीला उत्तर देत नाही. पण समोर येऊन बसलेल्या माणसाला तो चहाही देतो आणि कपाटही उघडून दाखवितो.

आता आपल्या संग्रहाकडे वळू. प्रत्येक ग्रंथ तपासण्याइतका वेळ आणि मनुष्यबळ कोणापाशीच नसते, आणि तशी आवश्यकताही नाही. सुमारे चारशे ग्रंथांचा नमुना यथान्याय निवडला, तर संपूर्ण संग्रहाविषयी पाच टक्क्यांच्या आतबाहेर विश्वसनीय अनुमान करता येते, असे संख्याशास्त्र सांगते. मात्र ‘यथान्याय’ या शब्दात सारे मर्म आहे. हा नमुना मांडणीवरून उचलू नये, दाखल नोंदवहीतील क्रमांकांतून, संगणकाने यदृच्छया काढून दिलेल्या आकड्यांप्रमाणे घ्यावा. कारण मांडणीवरून उचलणाऱ्याच्या हाती फक्त जागेवर असलेलीच पुस्तके येतात, आणि गहाळ झालेली, एखाद्या विभागप्रमुखाच्या कपाटात वर्षानुवर्षे विसावलेली, चुकीच्या रांगेत शिरलेली पुस्तके हिशेबातून निसटतात. नमुन्यातील प्रत्येक ग्रंथापुढे मोजकेच लिहावे: जागेवर सापडला काय, अखेरचा केव्हा नेला गेला, कागद व बांधणी कोणत्या अवस्थेत आहे, आपल्याकडे प्रती किती, आणि परिसरातील अन्य ग्रंथालयात तो आहे काय.

‘अखेरचा केव्हा नेला गेला’ हे वाटते तितके सोपे नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. जुन्या ग्रंथाच्या अखेरच्या पानावर चिकटविलेली तारखांची चिठ्ठी असते आणि तिच्यावर शिक्क्यांची रांग दिसते. परंतु ज्या वर्षी देवघेव ‘सोल’सारख्या संगणकीय प्रणालीवर गेली, त्या वर्षापासून ती चिठ्ठी मुकी झाली, आणि प्रणालीला तिच्या जन्मापूर्वीचे काही ठाऊक नाही. मी पाहिलेल्या एका अहवालात निव्वळ प्रणालीच्या आधारे ‘कधीही न वाचलेले’ म्हणून जाहीर केलेल्या ग्रंथांच्या चिठ्ठ्या उघडल्या, तेव्हा कित्येकांवर शिक्के मारावयास जागा उरलेली नव्हती. दोन्ही पुरावे एकाच ओळीत मांडल्याखेरीज निष्कर्ष काढू नये. शिवाय ग्रंथालयातच बसून वाचलेल्या पुस्तकाची नोंद दोहोंपैकी कोठेच होत नाही. यावर उपाय साधा आहे: रोज सायंकाळी टेबलांवर सोडून दिलेली पुस्तके जागेवर ठेवण्यापूर्वी ग्रंथालय परिचराने प्रत्येकाचा दाखल क्रमांक प्रणालीत ‘आतील वापर’ म्हणून नोंदवावा. एका सत्रात याने जे चित्र उभे राहते त्याने अनेक विभागप्रमुखांचे आणि क्वचित ग्रंथपालांचेही समज पालटतात.

वाचनकक्षातील गर्दीचा आकडा मात्र सावधपणे वापरावा. आपल्याकडील वाचनकक्ष सकाळी उघडण्यापूर्वी दाराशी रांग लागते हे खरे, आणि ते दृश्य समाधान देणारेही आहे. परंतु त्या रांगेतील पुष्कळसे तरुण लोकसेवा आयोगाच्या किंवा पोलीस भरतीच्या परीक्षेची स्वतःची पुस्तके पिशवीत घालून आलेले असतात, त्यांना हवे असतात ते टेबल, पंखा आणि शांतता. शेतकऱ्याच्या घरातील मुलाला ही तीन सुखे मिळवून देणे हे विद्यापीठाचे पुण्यकर्मच आहे आणि अहवालात त्याचा अभिमानाने उल्लेख व्हावा. पण ती संग्रहाच्या उपयोगाची साक्ष नव्हे. प्रवेशद्वारावरील आकडा आणि ग्रंथांच्या वापराचा आकडा यांची बेरीज करून मोठी संख्या वर पाठविण्याचा मोह जबरदस्त असतो. तो आवरावा, कारण पुढल्या वर्षी त्याच संख्येच्या आधारे कोणी ग्रंथखरेदीची तरतूद मागितली तर तिला पाया राहत नाही.

न वाचलेल्या ग्रंथांविषयी एक जुना अभ्यास या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाने १९७९ साली प्रकाशित केलेल्या पाहणीत असे आढळले की, एका वर्षी विकत घेतलेल्या ग्रंथांपैकी सुमारे ४० टक्के ग्रंथ पुढील सहा वर्षांत एकदाही कोणी घरी नेले नव्हते. या आकड्याने तेव्हा मोठे वादळ उठले, आणि आजही खर्चात काटछाट करू पाहणारा हिशेबनीस तो शस्त्रासारखा वापरू शकतो. त्याला उत्तर तयार असावे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरील बारावा खंड १८८० साली निघाला. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा, भिल्ली बोलींबरोबर खानदेशीचा विचार करणारा नववा खंड, त्याचा तिसरा भाग, १९०७ चा. हे ग्रंथ वर्षानुवर्षे कोणी उघडीत नाही. पण जो उघडतो तो त्यावर प्रबंध उभारतो, आणि त्या प्रबंधावर पुढे दहा लेख उभे राहतात. वापराचा निकष पाठ्यपुस्तकांना आणि चालू विज्ञानग्रंथांना निर्दयपणे लावावा. प्रदेशविषयक साधनग्रंथांना तो मुळीच लावू नये. या दोन वर्गांची सरासरी काढणे म्हणजे गव्हाची पेरणी आणि आंब्याची लागवड एकाच हंगामाच्या उत्पन्नावर तोलण्यासारखे आहे.

परंतु प्रदेशविषयक ग्रंथ वेगळे काढावयाचे तर ते प्रथम सापडले पाहिजेत, आणि येथे खानदेशातील ग्रंथपालाला एक खास अडचण भोगावी लागते. ‘खानदेश’ आणि ‘खान्देश’ अशी दोन्ही लेखनरूपे छापील ग्रंथांत आहेत. ‘अहिराणी’ व ‘आहिराणी’ तशीच. धुळ्याचे इंग्रजी नाव जुन्या ग्रंथांवर ‘धुलिया’ असे आहे. आणि संगणकीकरणाच्या आरंभकाळात पुष्कळ ठिकाणी मराठी शीर्षके रोमन अक्षरांत, ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे टंकलिखित झालेली आहेत. शिवाय दशांश वर्गीकरणात अहिराणीच्या ओव्या ३९८ मध्ये लोकसाहित्य म्हणून बसतात, तिचे व्याकरण ४९१.४६ मध्ये मराठी भाषेशेजारी जाते आणि तिची नवी कविता ८९१.४६१ मध्ये मराठी काव्यात मिसळते. म्हणून तालिकेत एक शब्द टाकून आलेली यादी ‘आमचा खानदेश-संग्रह’ म्हणून मिरवू नये. सर्व लेखनरूपांची एक टिपण-वही करावी, प्रत्येक रूपाने स्वतंत्र शोध घ्यावा, सापडलेल्या प्रत्येक नोंदीस ‘खानदेश’ असे एकच समान विषयपद जोडावे, आणि हे काम मराठी विभागातील एखाद्या जाणत्या अध्यापकास शेजारी बसवून करावे. कंटाळवाणे काम आहे. पण ते एकदा झाले म्हणजे पुढील प्रत्येक मूल्यमापन त्यावर सुखाने उभे राहते.

पैशाच्या बाजूने पाहता गेल्या काही वर्षांत परिस्थिती पार बदलली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेस मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली, आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र व राज्य शासनांच्या सुमारे ६,३०० संस्थांना वाचावयास मोकळी झाली. तेव्हा ग्रंथपालाने प्रथम आपल्या वर्गण्यांची यादी या योजनेच्या यादीशी ताडून पाहावी, आणि एकाच नियतकालिकासाठी दोनदा पैसे जात असतील तर ते तत्काळ थांबवावेत. उरलेल्या वर्गण्यांचा प्रत्येक वापरामागील खर्च काढावा: समजा, एका नियतकालिकाची वर्गणी ६०,००० रुपये आहे आणि वर्षभरात त्यातील लेख ३० वेळा उघडले गेले, तर प्रत्येक वाचनामागे २,००० रुपये पडले. मात्र प्रकाशक जो वापराचा आकडा पाठवितो त्यात एकाच वाचकाने तोच लेख पडद्यावर पाहिला आणि मग उतरवूनही घेतला तर पूर्वी दोन वापर धरले जात; ‘काउंटर’ संहितेच्या पाचव्या आवृत्तीपासून एकाच बैठकीतील असा दुहेरी वापर एकदाच मोजणारा स्वतंत्र स्तंभ आला आहे. हिशेबास तोच घ्यावा.

या बचतीचे काय करावयाचे हा खरा प्रश्न आहे, आणि माझे मत येथे स्पष्ट आहे. परदेशी नियतकालिके राष्ट्रीय योजनेने मिळू लागल्यानंतर प्रादेशिक विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आपला पैसा, जे कोणतीही राष्ट्रीय योजना देणार नाही, त्यावर खर्चावा: तालुक्याच्या गावी छापलेली अहिराणी पुस्तके, साखर कारखान्यांच्या व सूतगिरण्यांच्या स्मरणिका, सातपुड्यातील पावरा व भिल्ल समाजाविषयीचे अहवाल, नगरपालिकांच्या शताब्दीची प्रकाशने, बंद पडलेल्या साप्ताहिकांचे अंक. यांतील पुष्कळशी सामग्री पुस्तकविक्रेत्याच्या यादीत कधीच येत नाही. ती लेखकाच्या घरी, प्रेसच्या पोटमाळ्यावर किंवा रद्दीच्या दुकानात असते. खरेदीच्या नियमांत अशा किरकोळ, पावतीच्या अडचणीच्या खरेदीसाठी एक छोटी स्वतंत्र तरतूद वित्त विभागाकडून आधीच मंजूर करून घ्यावी. नाहीतर तीन दरपत्रकांच्या सक्तीपायी शंभर रुपयांचे दुर्मीळ पुस्तक डोळ्यांदेखत निघून जाते.

बाद करण्याचा विषयही टाळता येण्याजोगा नाही. साठा पडताळणी बहुधा मे महिन्यात, सुटीत काढली जाते, आणि जळगावचा मे कसा असतो हे ज्याने वरच्या मजल्यावरील मांडण्यांमध्ये दुपारी उभे राहून अनुभवले त्याला वेगळे सांगावयास नको. पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकलेला असताना घाईघाईने ‘गहाळ’ असा शेरा मारला जातो आणि जून उजाडताच ते पुस्तक शेजारच्या रांगेत सापडते. हे काम हिवाळ्यात, भागाभागाने करावे हे उत्तम. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार ५० हजारांहून अधिक ग्रंथ असलेल्या ग्रंथालयांत तीन वर्षांच्या आत नमुना-पडताळणी पुरेशी मानली आहे, आणि वाचनार्थ दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी, अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसल्यास, क्षम्य धरली आहे. मात्र हजार रुपयांवरील आणि दुर्मीळ ग्रंथांची चौकशी अनिवार्य आहे. राज्यातील विद्यापीठास आपली लेखासंहिता बंधनकारक असली तरी समितीपुढे हा नियम ठेवल्याने लहानसहान हानीच्या धास्तीने सारी मांडणी कुलूपबंद ठेवण्याची प्रवृत्ती कमी होते. निर्लेखनाची यादी विभागांकडे महिनाभर आक्षेपांसाठी पाठवावी, आणि खानदेश-विषयपद असलेल्या ग्रंथाची अखेरची प्रत, वाळवीने अर्धी खाल्लेली असली तरी, बाद करू नये. तिचे अंकीय प्रतिरूप करून घ्यावे.

आता दुसरे अंग: संशोधनाचा प्रभाव. राष्ट्रीय मानांकनात विद्यापीठांना संशोधन व व्यावसायिक कार्य या सदराखाली १०० पैकी ३० गुण असतात, आणि प्रकाशने व उद्धरणे यांची गणती मुख्यतः ‘स्कोपस’ व ‘वेब ऑफ सायन्स’ या आधारसामग्रीतून होते. येथे जळगावच्या विद्यापीठापुढे एक विलक्षण व्यावहारिक प्रश्न उभा आहे. १९९० पासून त्याचे लेख ‘नॉर्थ महाराष्ट्र युनिव्हर्सिटी’ या पत्त्याने छापले जात होते. २०१८ साली विद्यापीठास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले, आणि तेव्हापासून ‘कवयित्री’ची रोमन अक्षरी दोन-तीन, ‘बहिणाबाई’ची दोन आणि ‘चौधरी’ची निदान तीन रूपे एकमेकांशी गुणाकार करीत पत्त्यांच्या ओळींत शिरू शकतात. यंत्राला हे सारे एकच विद्यापीठ आहे हे सांगितल्यावाचून कळत नाही. म्हणून प्रभावाचे काम हाती घेणाऱ्याने सर्वप्रथम विद्यापीठाचे इंग्रजी नाव कोणत्या अक्षरांत लिहावयाचे त्याचे परिपत्रक काढवून घ्यावे, आजवर छापल्या गेलेल्या सर्व रूपांची यादी करावी, आणि त्या आधारसामग्रीच्या चालकांकडे ती पाठवून साऱ्या रूपांचे एकत्रीकरण करवून घ्यावे. एकही नवा लेख न लिहिता विद्यापीठाच्या खात्यावर जुने लेख परत येतात.

व्यक्तींच्या नावांची गोष्ट याहूनही बिकट आहे. खानदेशात पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे ही आडनावे घरोघर. त्यांच्यापुढे दोन आद्याक्षरे लावली की एका विभागात तीन ‘एस. आर. पाटील’ निघणे अशक्य नाही, आणि यंत्र त्या तिघांचे लेख खुशाल एकाच्या पदरात टाकते. ‘ऑर्किड’चा सोळा अंकी ओळखक्रमांक प्रत्येक अध्यापकाने आणि प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने काढावा, पीएच.डी. नोंदणीच्या अर्जातच त्याची जागा असावी. इन्फ्लिबनेटच्या ‘विद्वान’ या सूचीतील माहिती वर्षातून एकदा तरी अध्यापकाच्या समक्ष ताजी करून घ्यावी. ‘समक्ष’ म्हणतो ते मुद्दाम; ई-मेलने मागविलेली माहिती येत नाही, पण विभागात जाऊन अर्धा तास शेजारी बसले म्हणजे काम होते, आणि बोलता बोलता हेही कळते की या गृहस्थांनी मराठीत चार पुस्तके लिहिली आहेत, ज्यांचा कोठेच उल्लेख नाही.

त्या चार पुस्तकांपाशी या साऱ्या विषयाची कसोटी आहे. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला आणि पुढे तिचे २२ खंड झाले. मराठ्यांच्या इतिहासावर गंभीरपणे लिहू पाहणाऱ्याला त्यानंतर त्यांना टाळून जाता आलेले नाही. इम्पॅक्ट फॅक्टरच्या गणितात मागील दोन वर्षांतले लेखच धरले जातात आणि मोजली जातात ती निवडक नियतकालिकांतील उद्धरणे. त्या गणिताने राजवाड्यांच्या पदरी शून्य पडले असते. धुळ्याच्या मंडळाच्या ‘संशोधक’ त्रैमासिकातील लेखाला एखाद्या मराठी ग्रंथाने तळटिपेत दिलेला मान या यंत्रांच्या दृष्टीस पडत नाही. हा केवळ आपला गाऱ्हाण्याचा सूर नव्हे. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे तयार झालेल्या जाहीरनाम्याने नियतकालिकाच्या गुणांकावरून व्यक्तीचे संशोधन तोलण्यास विरोध केला, आणि २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याच्या दहा तत्त्वांपैकी तिसरे तत्त्वच स्थानिक महत्त्वाच्या, इंग्रजीतर भाषांतील संशोधनास संरक्षण देण्याविषयी आहे. समितीत कोणी ‘हे मराठी लेख मोजायचे कशाला’ असे विचारले, तर हे दोन दस्तऐवज पुढे ठेवावेत.

आणि नुसता विरोध करून थांबू नये. जे यंत्र मोजत नाही ते आपण हाताने नोंदवावे. त्यासाठी प्रत्येक विभागाची एक ‘प्रभाव-फाईल’ ठेवावी. तीत मराठी ग्रंथांतील व त्रैमासिकांतील उद्धरणांची, पृष्ठक्रमांकासह, नोंद असावी. पाठ्यपुस्तकांत, शासकीय समित्यांच्या अहवालांत, जिल्हा नियोजनाच्या आराखड्यांत संशोधनाचा उल्लेख झाला असेल तर त्या पानाची प्रत असावी. एखाद्या पाणीपुरवठा योजनेने रसायनशास्त्र विभागाची पाण्याची तपासणी वापरली असेल तर तिचे पत्र असावे. मात्र पुरावा हाती असेल तेवढेच लिहावे, आणि दुसऱ्याचे श्रेय आपल्या खात्यावर ओढू नये. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि केळीवरील संशोधनाचे केंद्रही जळगावातच आहे. परंतु ते केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे. शहर एक म्हणून यश एक, असा हिशेब अहवालात शिरला की साऱ्या फाईलची पत जाते.

प्रबंधांची बाजू तुलनेने सोपी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांपासून पीएच.डी. प्रबंधाची अंकीय प्रत सादर करणे आवश्यक झाले आणि ‘शोधगंगा’ हे त्यांचे भांडार. १९९० ते २००९ मधील प्रबंध राहिले असतील तर ते चढवावेत. नियतकालिकांच्या निवडीची जबाबदारी मात्र वाढली आहे. आयोगाने ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये मागे घेतली, त्यामुळे कोणते नियतकालिक विश्वासार्ह आणि कोणते केवळ पैसे घेऊन छापणारे हे ठरविण्याचे काम आता विद्यापीठाचे. ग्रंथालयाने ‘मान्यताप्राप्त यादी’ नव्याने काढण्याच्या भानगडीत पडू नये. संपादक मंडळातील माणसे प्रत्यक्षात आहेत काय, लेख स्वीकारण्यास किती काळ लागतो, शुल्क अगोदर सांगितले आहे काय, जुने अंक उघडतात काय, असे मोजके प्रश्न विभागांना शिकवावेत.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. हिर्शने २००५ साली सुचविलेला एच-निर्देशांक वापरून विभागाविभागांची किंवा व्यक्तींची क्रमवारी लावण्याची फर्माईश केव्हा ना केव्हा येतेच. ज्या रसायनशास्त्रात वर्षाला पाच-पाच जणांचे संयुक्त लेख निघतात आणि ज्या मराठीत एक माणूस सहा वर्षे एका ग्रंथावर घालवितो, त्यांना एका फर्दीवर उतरत्या क्रमाने लिहिणे हा अन्याय आहे, आणि अशी यादी एकदा ग्रंथालयातून बाहेर पडली की अध्यापक पुन्हा खरी माहिती देत नाहीत. फर्माईश आल्यास लेखी उत्तर द्यावे: प्रत्येक विभागाची त्याच विभागाच्या मागील पाच वर्षांशी तुलना देऊ, आणि कोणत्याही अध्यापकाचे आकडे त्याने स्वतः तपासून स्वाक्षरी केल्याखेरीज पदोन्नतीच्या कागदांत जाणार नाहीत.

सहकाऱ्यांविषयी थोडेसे. पदे रिक्त असतात, कंत्राटी माणसे बदलतात, आणि मूल्यमापन हे वरून लादलेले जास्तीचे काम अशी भावना असते. ज्या परिचराने टेबलांवरील पुस्तकांची नोंद केली त्याचे नाव अहवालाच्या पहिल्या पानावर, पदनामासह, छापावे. ज्या सहायक ग्रंथपालाला राजवाडे मंडळाच्या संग्रहाची माहिती आहे त्यालाच समितीपुढे त्यावर बोलू द्यावे. लहान संस्थांशी संयुक्त तालिकेचा करार करताना मूळ कागद त्यांच्याच घरी राहतील, अंकीय प्रतींवर त्यांचे नाव राहील, आणि विद्यापीठ खर्च सोसेल, ही तीन कलमे आपण होऊन प्रथम घालावीत. विद्यापीठ आले की आपले दप्तर उचलून नेणार, ही भीती अशा संस्थांत खोलवर असते.

अहवाल चाळीस पानांचा न करता दहा पानांत आटोपावा आणि अखेरीस तीनच शिफारशी असाव्यात: काय थांबवावे, काय घ्यावे, काय जपावे. परंतु कच्चे तक्ते, निवडलेले चारशे दाखल क्रमांक, नावांच्या रूपांची यादी आणि कोणती मोजणी कोणत्या नियमाने केली त्याचे टिपण हे सर्व एका स्वतंत्र पुडक्यात बांधून, त्यावर तारीख घालून, ग्रंथालयाच्या दप्तरात दाखल करावे. तीन वर्षांनी जो कोणी त्या खुर्चीवर बसेल त्याने तेच क्रमांक पुन्हा काढून, तीच पुस्तके पुन्हा शोधून पाहावयाची आहेत.